ठरवून केलेला फाउल आणि महाविद्यालयीन खेळ : शिक्षा पत्करणे हा डावपेच मानावा का?

गंगापूर_रोडकर

नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या मुलांना मी संध्याकाळी बास्केटबॉल शिकवतो. पगारी प्रशिक्षक म्हणून नव्हे, जुना खेळाडू म्हणून. या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील एका सामन्यावरून आमच्यात बरीच वादावादी झाली, म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

शेवटचे मिनिट चालू होते. आम्ही तीन गुणांनी मागे होतो, चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे होता आणि घड्याळात बावीस सेकंद उरले होते. चोवीस सेकंदांच्या आत बास्केटकडे फेक करण्याचे बंधन असले तरी उरलेला वेळच त्याहून कमी असल्यामुळे त्यांनी चेंडू नुसता एकमेकांकडे फिरवला असता, तरी सामना तेथेच संपला असता. मी बाकावरून खूण केली आणि आमच्या मुलाने त्यांच्यातील ज्या खेळाडूचे फ्री थ्रो (फाउलच्या बदल्यात मिळणाऱ्या, कोणी न अडवता मारायच्या एकेका गुणाच्या फेका) दिवसभर चुकत होते, त्यालाच चेंडूसकट अडवले. त्या क्वार्टरमधले आमचे चार टीम फाउल आधीच भरलेले असल्यामुळे त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. एक साधला, एक चुकला. पुढच्या चालीत आम्ही तीन गुणांची फेक साधली, लगेच पुन्हा त्याच खेळाडूला अडवले, या वेळी दोन्ही फ्री थ्रो चुकले, रिबाउंड (बास्केटला लागून परत आलेला चेंडू) आमच्या हाती आला, त्यावर बास्केट झाली आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. सामना संपल्यावर त्यांचे क्रीडाशिक्षक हात मिळवताना मला म्हणाले, "खेळलात उत्तम, पण हे मुलांना शिकवू नका."

माझे मत थोडक्यात सांगतो. फाउलची शिक्षा नियमपुस्तकातच लिहिलेली आहे. पन्नास टक्के फ्री थ्रो साधणाऱ्या खेळाडूला दोन फेका दिल्या तर आपल्याला सरासरी एक गुण मोजावा लागतो, आणि त्या बदल्यात घड्याळ थांबते व चेंडू परत मिळतो. हा हिशेब करणे म्हणजे फसवणूक नव्हे, कारण यात पंचांपासून काहीही लपवलेले नसते. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील १९८३ च्या अंतिम सामन्याचे आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे प्रशिक्षक जिम व्हाल्व्हानो यांनी ह्यूस्टनच्या बलाढ्य संघाला शेवटच्या मिनिटांत मुद्दाम फाउल करून फ्री थ्रोच्या रेषेवर नेले. ५२-५२ अशी बरोबरी असताना ह्यूस्टनच्या खेळाडूची 'पहिली जमली तरच दुसरी' या प्रकारातील पहिलीच फेक चुकली आणि अखेरच्या क्षणी नॉर्थ कॅरोलायना स्टेटने सामना ५४-५२ असा जिंकला. त्या संघाला कोणी लबाड म्हणत नाही.

तरीही त्या शिक्षकांचे वाक्य डोक्यातून जात नाही. बास्केटबॉलपुरते जे मला रास्त वाटते, ते कबड्डी किंवा फुटबॉलमध्येही रास्त वाटेल का, आणि सीमा नेमकी कोठे आखायची, हे येथील जाणकारांकडून ऐकायला आवडेल.

जुना_पंच

धागाकर्त्यांनी प्रश्न चांगला विचारला आहे. पंचवटी, सिडको, सिन्नर, निफाड अशा अनेक मैदानांवर मी कबड्डीचा पंच म्हणून उभा राहिलो आहे, त्यामुळे माझ्या खेळापुरते बोलतो.

कबड्डीत नुकसान पत्करण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. संघाचा एकच गडी उरला असेल, वेळ भरपूर असेल आणि त्या एकट्याकडून बाकीचे गडी परत येण्याची आशा नसेल, तर पुष्कळदा तो गडी मुद्दाम बाद होतो. प्रतिस्पर्ध्याला तो एक गुण आणि लोणाचे, म्हणजे सगळा संघ बाद केल्याचे, दोन गुण मिळतात, पण सातही गडी मैदानात परततात. यात कोणताही नियम मोडलेला नाही. हा शुद्ध हिशेब आहे आणि तो वेळेवर करता येणारा कर्णधार हुशार समजला जातो.

दुसरा प्रकार असा. चढाईपटू गुण घेऊन मध्यरेषेकडे वळलेला आहे, डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूने त्याचा घोटा पकडलेला आहे, त्यामुळे त्याचा एक पाय जमिनीला जखडला गेला आहे. आणि अशा वेळी शेजारचा गडी खाली वाकून त्या जखडलेल्या गुडघ्यावर बाजूने खांदा घालतो. किंवा चढाईपटू निसटतोय असे दिसले की त्याचे केस धरले जातात, तोंड दाबले जाते. हातपाय आणि धड यांखेरीज शरीराच्या अन्य भागाला धरून केलेली पकड नियमाने ग्राह्य नाही आणि चढाईपटू नाबाद ठरतो. पायांची कात्री घालणे, दुखापत होईल अशी हिंसक पकड करणे यांवर कार्ड दाखवता येते : हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्याबाहेर. आता गंमत पाहा. ज्याच्या गुडघ्याला मार बसला, तो नाबाद ठरला तरी पुढची चढाई करू शकत नाही, आणि ज्याने मार दिला तो ताकीद घेऊन जागेवर उभा असतो. संघाचा मुख्य चढाईपटू हिरव्या कार्डाच्या मोबदल्यात बाहेर गेला, तर हा सौदा कोणालाही परवडेल. 'डावपेच' म्हणून जे सांगितले जाते त्यातले निम्मे हेच असते.

खो-खोचे मात्र मला नेहमी कौतुक वाटते. तेथे पाठलाग करणाऱ्याने फाउल करून गडी मारला तर तो गडी बाद धरतच नाहीत, शिवाय पाठलाग करणाऱ्याला उलट दिशेने जावे लागते आणि वेळ वाया जातो तो वेगळाच. फाउलमधून काही कमावताच येत नाही, म्हणून खो-खोच्या मैदानावर या विषयावर कधी धागा निघणार नाही.

पाथर्डी_फाटा

मी सध्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात गार्ड म्हणून खेळतो. जुना_पंच यांचा मुद्दा पटला, तरी खेळाडूंच्या बाजूने थोडे सांगावेसे वाटते.

आमच्या खेळात प्रत्येकाला पाच फाउल मिळतात आणि पाचव्याला तो बाहेर जातो. बाकावर बसलेल्या ज्या मुलाला प्रशिक्षक एरवी खेळवत नाहीत, त्याचे पाचही फाउल शिल्लक असतात. अशा मुलाला तिसऱ्या क्वार्टरमध्ये बोलावून "जा, त्यांच्या सेंटरवर (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूवर) दोन फाउल खर्च करून ये" असे सांगितले जाते. मी पहिल्या वर्षी तोच मुलगा होतो. तेव्हा मला त्यात वावगे काही वाटले नाही, उलट संघासाठी काहीतरी करायला मिळाले म्हणून बरे वाटले. आज मात्र असे वाटते की ज्याला चेंडू हाताळण्याची संधी द्यायची नाही, त्याला केवळ फाउल करण्यापुरते मैदानात उतरवणे हा त्या मुलावरही अन्याय आहे. या बाजूची चर्चा फारशी होत नाही.

दुसरे असे की, आक्रमक खेळ आणि आडदांड खेळ यांत प्रेक्षक फरक करत नाहीत. पूर्ण मैदानभर प्रेस लावणे, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच टोकापासून दाबून धरणे, चेंडू घेणाऱ्याला श्वास घेऊ न देणे, अंगाला अंग भिडवून बचाव करणे हा कष्टाचा आणि शिस्तीचा भाग आहे, आणि त्यात फाउल होणारच. जो संघ सामन्यात एकही फाउल करत नाही तो बचावच करत नाही, असे आमचे सर म्हणतात आणि ते खरे आहे. म्हणून फाउलांची संख्या पाहून कोणत्याही संघाला नावे ठेवू नयेत.

आणि हेही मान्य करायला हवे की आमच्यापैकी अनेकांसाठी हे सामने नुसती मौज नसतात. विभागातून पुढे गेलो तर आंतरविभागीय स्पर्धा, तेथून विद्यापीठाच्या संघाची निवड. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना जे पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी कोणत्या पातळीवर कोणते स्थान मिळवले हे पाहिले जाते. इतके सगळे पणाला लागलेले असताना "फाउल करू नकोस, हरलास तरी चालेल" असे सांगणाऱ्यांनी जरा आमच्या जागी उभे राहून पाहावे.

मळ्यातला_फलंदाज

क्रिकेटचे नाव अजून कसे निघाले नाही याचे आश्चर्य वाटते. १६ ऑगस्ट २०१० रोजी डंबुलाला भारताला विजयासाठी एक धाव हवी होती आणि सेहवाग ९९ वर होता. श्रीलंकेच्या सूरज रणदिवने ठरवून नो-बॉल टाकला. सेहवागने त्यावर षटकार मारला, पण नो-बॉलच्या एका धावेने सामना आधीच संपलेला असल्यामुळे तो षटकार धरला गेला नाही. येथे शिक्षा पत्करून सामना वाचवायचा नव्हता, फक्त समोरच्याचे शतक हुकवायचे होते. आणि त्याच्याच मंडळाने त्याला एका सामन्यासाठी बसवले. धागाकर्त्यांच्या फाउलमागे निदान जिंकण्याचा हेतू होता. नुसत्या आकसाने केलेला फाउल आणि हा फाउल एका पंक्तीत बसवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

सीमारेषा

मी शिक्षणासाठी काही वर्षे ओहायोमध्ये होतो आणि तेथे शनिवार म्हणजे महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल. या विषयावर तेथे जितका बारीक हिशेब होतो तितका मी अन्यत्र पाहिलेला नाही, म्हणून दोन उदाहरणे जरा विस्ताराने देतो.

पहिले उदाहरण १२ ऑक्टोबर २०२४ च्या ओरेगन विरुद्ध ओहायो स्टेट सामन्याचे आहे. ओरेगन ३२-३१ असे एका गुणाने पुढे होते, दहा सेकंद उरले होते आणि ओहायो स्टेटला मैदानी गोलच्या (लाथेने चेंडू गोलखांबांतून मारून तीन गुण घेण्याच्या) पल्ल्यात येण्यासाठी आणखी काही यार्ड हवे होते. त्या चालीला ओरेगनने अकराऐवजी बारा खेळाडू मैदानात उतरवले. बारावा खेळाडू असल्यामुळे पास पूर्ण होण्याची शक्यता आणखी कमी झाली आणि पास अपुरा राहिला. पंचांनी नियमाप्रमाणे पाच यार्डांची शिक्षा दिली, परंतु चालीत गेलेले चार सेकंद परत मिळाले नाहीत. उरलेल्या सहा सेकंदांत ओहायो स्टेटला एकच चाल खेळता आली, आणि त्यांचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) धावत जाऊन खाली घसरेपर्यंत वेळ संपली. ओरेगनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी नंतर, या गोष्टीचा आपण सराव केलेला होता, असे सूचित केले. माझ्या ओहायोच्या मित्रांचा त्या रात्रीचा संताप येथे लिहिण्यासारखा नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. त्याच आठवड्यात नियम समितीने खुलासा काढला की, सामन्याच्या कोणत्याही अर्ध्या भागाच्या शेवटच्या दोन मिनिटांत बचाव करणाऱ्या संघाने बारा किंवा अधिक खेळाडूंसह चाल खेळली, तर पाच यार्डांबरोबरच घड्याळ मागे घेण्याचा पर्याय समोरच्या संघाला राहील. ओरेगनचा विजय कोणी काढून घेतला नाही आणि लॅनिंग यांना कोणी चारित्र्याचे धडे दिले नाहीत. भोक दिसले आणि ते बुजवले.

दुसरे उदाहरण न बुजवलेल्या भोकाचे. पास पकडायला धावणाऱ्या खेळाडूला चेंडू येण्याआधीच अडवले, तर व्यावसायिक फुटबॉलमध्ये जेथे फाउल झाला त्या जागी चेंडू ठेवतात. म्हणजे चाळीस यार्डांवर फाउल झाला तर चाळीस यार्ड जातात. महाविद्यालयीन नियमांत मात्र ही शिक्षा पंधरा यार्डांपुरती मर्यादित आहे. त्यामुळे चाळीस यार्डांवर एखादा खेळाडू आपल्याला मागे टाकून निघाला आहे हे बचावपटूच्या लक्षात आले, की त्याला सरळ धरून पंधरा यार्ड देणे हेच शहाणपणाचे ठरते. एकच खेळ, एकच कृती, पण एका नियमावलीत ती चूक ठरते आणि दुसऱ्या नियमावलीत सौदा.

वकील_अशोकस्तंभ

सीमारेषा यांच्या प्रतिसादामुळे माझे काम सोपे झाले.

काही शिक्षा या किंमत म्हणून असतात आणि काही मनाई म्हणून. एम. जी. रोडवर रोज नो-पार्किंगमध्ये गाडी उभी करून दंडाची पावती धंद्याच्या खर्चात धरणारा दुकानदार आणि दारू पिऊन गाडी चालवणारा, हे दोघेही कायदा मोडतात, पण पहिल्याला आपण चिवट म्हणतो आणि दुसऱ्याला गुन्हेगार. बास्केटबॉलमधला साधा फाउल पहिल्या प्रकारचा आहे, कारण पाच फाउलांपर्यंत खेळाडूला मैदानात राहू देणे याचा अर्थच असा की फाउल होणार हे खेळाने गृहीत धरले आहे. मात्र त्याच नियमपुस्तकात अनस्पोर्ट्समनलाइक फाउल वेगळा काढलेला आहे. चेंडूकडे जाण्याचा प्रामाणिक प्रयत्न नसेल, तर दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही समोरच्यालाच. या दुसऱ्या शिक्षेत सौदा उरत नाही.

आपल्या नेहमीच्या फुटबॉलच्या नियमकर्त्यांनीही २०१६ मध्ये असाच भेद केला. पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याच्या प्रयत्नात हमखास गोलची संधी हुकवली गेली, तर पेनल्टीबरोबर आता पिवळे कार्ड पुरते. पण ओढणे, धरणे, ढकलणे असेल तर लाल कायम. २०१० च्या विश्वचषकात घानाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला उरुग्वेच्या सुआरेझने गोलरेषेवर हाताने अडवलेला चेंडू सर्वांना आठवत असेल. त्याला लाल कार्ड मिळाले, घानाच्या ग्यानची पेनल्टी आडव्या खांबाला लागली आणि उरुग्वे शूटआउटमध्ये जिंकले. आजच्या नियमांतही तो सौदा जसाच्या तसा करता येतो. ज्यांना तो खटकतो त्यांनी सुआरेझला शिव्या देण्यापेक्षा अशा वेळी थेट गोल बहाल करण्याची मागणी करावी.

धागाकर्त्यांना माझे उत्तर असे की, तुमच्या मुलाने चेंडूकडे हात नेला असेल तर तुम्ही नियमाने ठरवलेली किंमत मोजली आहे. त्या शिक्षकांची तक्रार तुमच्याविरुद्ध नसून नियमाविरुद्ध आहे.

क्रीडाशिक्षक_निवृत्त

वकीलसाहेबांचा युक्तिवाद न्यायालयात टिकेल, मैदानावर टिकेल असे मला वाटत नाही.

मी जन्मभर शाळा-महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण शिकवले. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला "ही शिक्षा म्हणजे किंमत आणि ती शिक्षा म्हणजे मनाई" हा भेद नियमपुस्तक वाचून कळत नाही. तो प्रशिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहतो. पहिल्या वर्षी त्याला घड्याळ थांबवण्यासाठी फाउल करायला सांगितले आणि त्याची पाठ थोपटली, की दुसऱ्या वर्षी तो समोरच्याच्या सर्वोत्तम खेळाडूला 'वेसण घालण्यासाठी' स्वतःहून फाउल करतो. ही पायरी मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. प्रत्येक वेळी प्रशिक्षक म्हणतात, "मी असे सांगितले नव्हते." खरेच सांगितलेले नसते.

व्यावसायिक संघांचे ठीक आहे. तेथे पंच, कॅमेरे, सामन्यानंतरची चौकशी, दंड हे सगळे असते. आपल्याकडे विभागीय सामन्याला कबड्डीच्या मैदानावर पुरेसे पंच मिळाले तरी संयोजक सुटकेचा निःश्वास टाकतात. जेथे शिक्षा होण्याचीच खात्री नाही तेथे किंमत कसली आणि हिशेब कसला?

पाथर्डी_फाटा यांनी बाकावरच्या मुलाचे जे लिहिले आहे, ते मात्र प्रत्येक प्रशिक्षकाने वाचावे असे आहे.

फिजिओ_नाशिकरोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या तरुण रुग्णांत कबड्डी आणि फुटबॉलचे खेळाडू बरेच असतात. वर जुना_पंच यांनी जे वर्णन केले आहे, म्हणजे पाय जमिनीला रोवलेला असताना गुडघ्यावर बाजूने आलेला भार, त्यातून गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटू शकतो. शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला सर्वसाधारणपणे नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ जातो. महाविद्यालयीन खेळाडूच्या बाबतीत याचा अर्थ एक संपूर्ण हंगाम, आणि तिसऱ्या वर्षात असेल तर त्याची महाविद्यालयीन कारकीर्दच संपली. शस्त्रक्रियेचा खर्च बहुतेक वेळा आईवडिलांच्या खिशातून होतो.

बास्केटबॉललाही निर्धोक समजू नये. घड्याळ थांबवण्यासाठी उभ्या खेळाडूला दोन हातांनी अडवणे यात इजा होण्याची शक्यता फारच कमी असते. परंतु ले-अपसाठी (बास्केटजवळ उडी मारून चेंडू टाकण्यासाठी) हवेत गेलेल्या खेळाडूच्या खाली शिरणे किंवा त्याला मागून ढकलणे यात त्याला पडताना हात टेकायलाही वेळ मिळत नाही. मनगट, कोपर, डोके यांपैकी काय आधी आपटेल ते नशिबावर. स्कोअरशीटवर दोन्ही प्रसंगांची नोंद एकेक फाउल म्हणून होऊ शकते.

म्हणून मला हेतूच्या चर्चेत फार रस नाही. हेतू पंचांना दिसत नाही आणि मलाही एक्स-रेमध्ये दिसत नाही. खेळाडू हवेत होता का, त्याचा पाय जखडलेला होता का, त्याची पाठ वळलेली होती का, हे तीन प्रश्न मात्र कोणालाही डोळ्यांनी पाहून सोडवता येतात. यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' असेल तर तो फाउल डावपेचाच्या यादीतून बाहेर काढावा, मग सामना कितीही अटीतटीचा असो.

सीमारेषा

फिजिओताईंच्या मुद्द्याला जोडून सांगतो. अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये डोक्यावर किंवा हेल्मेट पुढे करून केलेल्या ठरावीक आघातांना २०१३ पासून सामन्याबाहेर काढण्याची शिक्षा आहे. त्या वेळच्या नियमाप्रमाणे हा गुन्हा उत्तरार्धात घडला तर खेळाडूला पुढच्या सामन्याच्या पूर्वार्धातही बसावे लागे. वेळेच्या आणि यार्डांच्या फाउलांबाबत तेथील नियम हिशेबी आहेत, पण डोक्यापर्यंत गोष्ट आली की ते एकदम कडक होतात. ही विभागणी मला योग्य वाटते.

जुना_पंच

पुढच्या सामन्यापर्यंत शिक्षा नेण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्या महाविद्यालयीन स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकतात आणि बहुधा बाद पद्धतीने होतात. सकाळच्या सामन्यात दोन मिनिटे बाहेर बसलेला गडी दुपारच्या सामन्यात कोऱ्या पाटीने उतरतो. सकाळचे पंच वेगळे, दुपारचे वेगळे. दुपारच्या पंचांना सकाळी काय झाले ते ठाऊकच नसते. निवृत्त शिक्षक म्हणतात ती खात्री निर्माण करायची असेल तर नवे नियमपुस्तक लिहावे लागणार नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी संघव्यवस्थापकांची जी बैठक होते, जी सध्या चहा आणि ड्रॉ काढणे यांत संपते, तिच्यात तीन गोष्टी ठरवाव्यात : धोकादायक पकडीला ताकीद न देता थेट पिवळे कार्ड, कार्डांची नोंद संपूर्ण स्पर्धेसाठी एकाच वहीत, आणि दुसऱ्या पिवळ्या कार्डाला पुढचा सामना बंद.

पाथर्डी_फाटा

पंचसाहेब, पहिल्या दोन गोष्टींना माझा पाठिंबा आहे. तिसरीबद्दल शंका वाटते. बाद पद्धतीत हरलेल्या संघाला पुढचा सामनाच नसतो, त्यामुळे ही शिक्षा फक्त जिंकणाऱ्याला लागू होईल. हरत आलेला संघ शेवटच्या पाच मिनिटांत वाटेल ते करायला मोकळा. आणि गाठीशी मोजकेच गडी घेऊन निफाड-येवल्याहून एसटीने येणाऱ्या छोट्या महाविद्यालयाला एक गडी कमी होणे जेवढे जड जाते, तेवढे शहरातल्या मोठ्या संघाला जात नाही.

जुना_पंच

हरणाऱ्या संघाबद्दलची शंका रास्त आहे. त्यावर उपाय असा की ती बंदी पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला लागू करावी आणि वही आयोजक महाविद्यालयाकडे न ठेवता विभागाच्या क्रीडा समितीकडे ठेवावी. छोट्या संघाबद्दल मात्र सवलत देऊ नये. गुडघा छोट्या संघाने तोडला म्हणून लवकर जुळत नाही.

गंगापूर_रोडकर

सर्वांचे मनापासून आभार. माझे मत पूर्ण बदलले नाही, पण त्याला कुंपण पडले. घड्याळ थांबवण्यासाठीचा फाउल मी यापुढेही शिकवीन. फक्त तो समोरून, दोन्ही पाय जमिनीवर असलेल्या खेळाडूवर आणि चेंडूकडे हात नेऊनच करायचा, हे सरावात घोटून घेईन. फिजिओताईंचे तीन प्रश्न आमच्या मुलांना पाठ करायला लावणार आहे. बाकावरच्या मुलाला केवळ फाउल करायला उतरवण्याचा प्रकार मात्र बंद. निवृत्त सरांच्या पायरीवर माझ्याकडे आज उत्तर नाही. आमच्याच संघातली मुले पुढच्या वर्षी कशी खेळतात यावर लक्ष ठेवावे लागेल.

पाथर्डी_फाटा

सर, सरावात एक गोष्ट आणखी घ्यावी. २०२२ च्या नियमांपासून शेवटच्या दोन मिनिटांत, चेंडू अजून रेषेबाहेर थ्रो-इन करणाऱ्याच्या हातात असताना आत उभ्या असलेल्या खेळाडूला फाउल केला, तर एक फ्री थ्रो मिळतो आणि चेंडूही त्यांच्याकडेच राहतो. आमच्या संघाने घाई करून एकदा हेच केले आणि हिशेब पूर्ण उलटा फिरला. चेंडू आत येऊन कोणाच्या तरी हातात पडेपर्यंत थांबावे लागते.

गंगापूर_रोडकर

बरोबर. आमच्या दुसऱ्या फाउलच्या वेळी मुलगा चेंडू आत येण्याआधीच धावला होता, मी बाकावरून ओरडून थांबवले. शनिवारच्या सरावाला फक्त थ्रो-इनच घेणार आहे. कॉलेज रोडच्या बाजूला असाल तर जरूर या, समोरचा संघ म्हणून चार मुले कमीच पडतात.